वेणूताईंच्या कप्प्यातली इंदूवहिनी

मंडळी, एक विचारते, खरं सांगा! ज्याचं तोंड पाहू नये असं वाटतं, त्यालाच माणूस दिवसभर मनात घेऊन का बसतो? हसू नका — ऐका!

एका गावी लक्ष्मीकेशवाचं देऊळ. कचेरीत एक कॉम्प्युटर. उत्सवात बायका अभंग म्हणायच्या, त्याचे व्हिडिओ त्यात राहायचे. आमच्या वेळी कॅसेट होती हो! फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची. भरली की डोळ्यांना दिसायचं! ह्या डब्यात काय दिसणार, कपाळ?

तो डबा सांभाळायच्या वेणूताई. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील? छे! आणि त्यांच्या काळजात एकच काटा — इंदूवहिनी. गेल्या उत्सवात वहिनींनी भैरवीतला अभंग म्हटला, तर म्हातारे पुजारीकाका डोळे पुसत राहिले. आणि वेणूताई गायल्या तेव्हा? काका पेंगत होते! सांगा, पोटात दुखेल की नाही?

यंदा वेणूताईंनी कंबर कसली. तोच अभंग म्हणून दाखवते! मृदंगावर थाप पडली, कॅमेरा जोडला — आणि कॉम्प्युटर म्हणतो, जागा शिल्लक नाही!

"हे इंदूवहिनींचं काम!" वेणूताई कडाडल्या. "एकेक ओळ लांबवतात, सगळी जागा त्यांनीच खाल्ली! पुसूनच टाकते त्यांचं गाणं!"

"पुसा की!" वहिनी पुढे आल्या. "पण आधी बघू तरी, पंगतीत कोण किती पाट अडवून बसलंय."

त्यांनी मोठ्या फायली वर, लहान खाली, अशी रांग लावली. सगळ्यात वर — इंदूवहिनींचा अभंग!

"बघा! म्हटलं नव्हतं?"

त्याखाली? तोच अभंग! त्याखाली? पुन्हा तोच! पडदा संपला, पण इंदूवहिनी संपेनात! आणि हे सगळं कुणाच्या कप्प्यात? वेणूताईंच्या!

झालं होतं असं — वेणूताई रोज दुपारी दार लोटून तो अभंग लावायच्या. कशाला? चूक काढायला! पण बाई देवळातली. मूळ मूर्ती जागची हलवायची नाही, पालखीत उत्सवमूर्ती काढायची, ही रीत. तशी त्या मूळ गाण्याला हात न लावता रोज नवी नक्कल काढायच्या, ती ऐकायच्या. उत्सवमूर्ती निदान परत गाभाऱ्यात जाते हो! ह्या नकला तिथंच साचल्या.

वेणूताईंना वाटलं, धरणी दुभंगावी.

"एवढं काय ऐकत होता, वेणूताई?" वहिनींनी विचारलं.

"चूक शोधत होते."

"सापडली?"

"...नाही."

"अगबाई! दुसऱ्या कडव्याला माझा सूर साफ उतरलाय की! मला ऐकवत नाही तो!"

नकला पुसल्या. मूळ गाणं वेणूताईंनी राहू दिलं. जागा झाली, वेणूताई गायला बसल्या. पहिलं कडवं झकास. आणि दुसऱ्या कडव्याला, मंडळी — सूर उतरला! अगदी तिथंच! वर्षभर जे कानात साठवलं, तेच गळ्यातून येणार ना? वेणूताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेवढ्यात मागून इंदूवहिनींनी सूर धरला आणि दोघींचा मिळून वर उचलला. पुजारीकाका जागे होते बरं का!

तर बायांनो, बुवांनो, आज निजण्याआधी आत एकदा अशीच रांग लावून बघा. सगळ्यात वर कोण येतंय? देव? की जावेच्या पाटल्या? ज्याच्यावर जळता, त्यालाच मोठं घर बांधून दिलंय तुम्ही — आणि देव बिचारा दाराशी उभा!

उठा आता, बुक्का लावा, आणि जाताना तिच्याकडे बघून एकदा हसा. कोण काय विचारता? खांबाला टेकून बसलेल्या बाई, तुमच्याशीच बोलतेय!