हाताले काम

...नाही तं काय वं, तुम्हीच सांगा, लग्नाले जाताना कोणी खिशात पकड घेऊन जाते काय? आमचे धम्मानंद साहेब जाते. रामटेकले माह्या भाचीचं लग्न, स्टेजवर बुद्धवंदना चालू, सगळे हात जोडून उभे, अन् पिंकीचे बाबा कुठं? तं मंडपातल्या कुलरच्या मागं, नव्या शर्टाच्या बाह्या वर, मोटर खोलून बसलेले. म्हटलं, "अहो, नवरी पाया पडायले शोधून राहिली तुम्हाले." तं म्हणते, "थांब वं, बेरिंग गेली आहे, आवाज ऐकू नाही येत तुले?" मले वंदना ऐकू येत होती, यायले बेरिंग. तुम्हाले सांगते, या माणसाले हात रिकामे ठेवताच येत नाही.

पावर हाऊसमध्ये इंजिनियर होते ना, दिवसभर डोंगराएवढ्या मशिना, मग घरी येऊन तरी बसावं की नाही? पण नाही... नंदनवन वस्तीतल्या घराची गच्ची, माही पापड वाळवायची जागा, तिथं रंधा, करवत, कानस, अन् भाजीत रोज लाकडाचा भुसा. पिंकीचा पाळणा यायनं केला, टेबल यायनं केलं. एका उन्हाळ्यात पायानं चालणारा कुरडईचा साचा केला, मले म्हणते, "दाब पाय." मी दाबला, अन् पहिली कुरडई सिधी छताले. आमच्या सासूबाई, सिंधूताई, म्हणायच्या, "सरिते, हा पोटातूनच पाना घेऊन आला वं." मी आयुष्यभर कावली, भांडली, म्हटलं एक दिवस तरी शांत बसा. पण हात रिकामे ठेवताच येत नाही ना.

अन् मग एक दिवस बसले.

सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला, उजवी बाजू ढिली पडली. लकव्याचा झटका. हलका होता, बोलणं वाचलं, चालणं वाचलं, हात तेवढा लुळा राहिला. डॉक्टरनं रबराचा बॉल दिला, म्हणे, "काका, दाबत राहा, हात सुधरेल." यायनं तो बॉल उलटापालटा करून पाहिला अन् म्हणते, "दाबून काय बनते यातून?" डॉक्टर म्हणे काहीच नाही. झालं, बॉल ठेवला बाजूले.

घर कसं झालं सांगू? ठकठक नाही, भुसा नाही. जे मी मागत होती तेच मिळालं, अन् मले जेवण जाईना. पिंकीनं नवीन मिक्सर आणला, अन् यायनं तो खोलूनसुद्धा पाहिला नाही. नवीन वस्तू, बाई, अन् पाठ फिरवून बसले. त्या दिवशी मात्र मी भ्याली.

मग काय केलं... हसू नका. कुकरच्या दांड्याचा पेच काढला मी स्वतः, अन् दांडा यायच्या समोर टाकला. म्हटलं, "पिंकी, हे दुकानात देजो." तं हळूच बोलले, "दुकानात? कुकरचा दांडा?" जसा काही मी लेकराले अनाथाश्रमात ठेवून राहिली. पेचकस घेतला, तं पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. मग यायनं काय केलं, तं सायकलची जुनी ट्यूब फाडली, डाव्या हातानं अन् दातानं धरून पेचकसाच्या मुठीले गुंडाळली, मूठ जाड केली, बोटात बसेल अशी. अख्खी सकाळ एका पेचात गेली. घाम नुसता निथळून राहिला. पण बसवला.

मग मी सुटलीच. आज दाराची कडी, उद्या स्टुलाचा पाय, परवा पडद्याची दांडी. पिंकी म्हणे, "आई, आपल्या घराले काय होऊन राहिलं?" म्हटलं, जुनं झालं घर. हाताले जोर येऊन राहिला होता ना, मले दुसरं काय पाहिजे होतं?

अन् एक दिवस पकडल्या गेली. कपाटाचं बिजागर हातात घेऊन म्हणते, "सरिता, हे आपोआप ढिलं नाही होत." मले वाटलं, आता रागावते, की रडते. तं यायनं तो पेच माह्या नाकासमोर धरला. "चाकूनं काढते काय तू? पाह्य याचं डोकं कसं घासून टाकलं. काहून वं, पेचकस काय मेला होता? काढायचा तं नीट काढ." अन् बसवलं मले खाली, अन् शिकवलं. सरळ धर, वरून दाब, मग फिरव. उजव्या हातानं माहा हात धरून शिकवलं बरं... तोच हात.

आता घरात हे असं आहे. मी खोलते, ते बसवते. अन् तुम्ही उन्हातानाच्या आल्या, चहा टाकला असता ना मी, पण शेगडी सकाळीच खोलून ठेवली, अन् आमचे मेकॅनिक दुपारचे अजून झोपून राहिले.