कंसात एक तरी ओळ हवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक अखिलशेठ, सत्कारमूर्ती चारुलताताई भामरे, धुळ्याहून आलेले त्यांचे कुटुंबीय, आणि 'आधी स्क्रीन हिरवी करा, बाकी नंतर' हे रोज सकाळी ऐकून ज्यांचे कान किटले आहेत अशा माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार गोड शब्द बोलायला मला सांगितलं आहे. एकोणीस वर्षांची नोकरी, हसरा स्वभाव, डब्यातली शेवभाजी. सगळं खरं आहे. पण एवढं बोलून शाल, फोटो आणि घर, हे आज मला जमणार नाही. मला राग आला आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. केळी पिकवण्याच्या बंद खोल्या चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ज्या एडिटरमध्ये आम्ही प्रोग्राम लिहितो, त्याला जोडायला ताईंनी दोन वर्षांपूर्वी एक एक्स्टेन्शन तयार केलं. ते नुसते शब्द शोधत नाही. प्रोग्राम उसवून बघतं. हे फंक्शन, ही अट, इथे चूक पकडली. बरं, पकडून पुढे काय केलं? कंसात एक तरी ओळ आहे का? नसेल, तर लाल खूण.

पहिल्याच दिवशी एक्केचाळीस खुणा आल्या. त्यांतली एक माझी. खोलीतल्या हवेचा सेन्सर बंद पडला, तर पंखा लावून दारावर लाल दिवा द्यायचा, हे तिथे लिहायला हवं होतं. मी 'नंतर बघू' एवढी कॉमेंट टाकून मोकळा झालो होतो. वर ताईंशीच भांडलो.

"ताई, कंस रिकामा कुठाय? लिहिलंय की!"

"किरण, कॉमेंट माणसांसाठी असते रे, यंत्र ती वाचत नाही. पंखा कोण लावणार, तुझी कॉमेंट?"

दुसऱ्या दिवशी मोठं गिऱ्हाईक येणार होतं. अखिलशेठ, तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "पाहुणे आले की पसारा आपण आतल्या खोलीत ढकलतोच ना? ढकल." मी ढकलला! एक ओळ टाकून त्या एक्केचाळीस खुणांचं अख्खं फोल्डरच तपासणीतून वगळलं. स्क्रीन हिरवी झाली, पेढे वाटले. ताईंनी तीन मेल पाठवले. आपण काय उत्तर दिलं? चूक पकडून दिली होती, आपला कंस रिकामाच राहिला.

गेल्या महिन्यात बोदवडजवळच्या एका केंद्रात तो सेन्सर बंद पडला. पंखा लागला नाही. खोलीत पिकत्या केळ्यांचा कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि दारावरचा दिवा हिरवाच. आपला दुरुस्तीचा माणूस निंबा आत गेला आणि क्रेटवर कोसळला. हमालांनी पाय धरून बाहेर ओढला म्हणून वाचला. दवाखान्यात मला म्हणाला, "भाऊ, दिवा ते हिरवा व्हता. मी कसाले थांबू?"

आणि आपण त्याला काय दिलं? निष्काळजीपणाची नोटीस! सोमवारी त्याची चौकशी आहे. बारा वर्षं राबलेल्या माणसाची नोकरी जाणार, आणि ज्याच्यामुळे तो दिवा खोटं बोलला, तो इथे माइक धरून उभा! हा कुठला न्याय? निंबाने दिव्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. मग आपला कोणता?

काल फोल्डर वगळणारी ती ओळ मी काढली आणि ताईंचं एक्स्टेन्शन पुन्हा चालवलं. ती यादी हारांच्या टेबलावर ठेवली आहे. फाइलचं नाव, ओळ दोनशे चौदा, लिहिणारा किरण बोरसे. बाकीच्या चाळीस खुणा कुणाच्या, हे मी वाचून दाखवणार नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे.

ताई, तुम्ही एकोणीस वर्षं आमच्या चुका पकडल्या आणि एकदाही कुणाला चारचौघांत तोंडघशी पाडलं नाहीत. त्याबद्दल तुमचे, आणि माझं हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल सभेचे मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या.

पण चहाकडे जाण्याआधी त्या यादीखाली प्रत्येकाने सही करा. सोमवारी ती निंबाच्या हातात असेल. पहिली सही माझी झाली आहे. अखिलशेठ, तिच्या वरची जागा मी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. हे घ्या पेन.