कुत्र्याचं पान

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन शिक्षिका बसली होती. समोरच्या बाकावर म्हातारं जोडपं नातीचे प्राण्यांचे पत्ते खेळत होतं. त्यांचा कुत्रा आत टेबलावर होता.

“अहो, पुन्हा ससा? समोर माझा कोल्हा दिसत नाही का?”

“खाऊ दे.”

“खाऊ दे काय! जास्त ताकदीचं पान जिंकतं, हरलेलं कायमचं बाद. किती वेळा सांगू?”

“कळलं गं.”

“डोंबल कळलं! सहा वर्षांच्या पोरीला जमतं हे. हातात काय उरलंय, बघू. अरे देवा, कुत्रा! मघापासून दाबून बसलात? टाका, कोल्हा गारद होईल.”

“आता होईल. पण जिंकलेलं पान तिथंच राहतं ना? मग तू वाघ काढशील.”

“काढीनच! खेळ आहे तो!”

“म्हणून नाही टाकत.”

“तुमच्याशी खेळणं म्हणजे डोकेफोड आहे नुसती!”

दार उघडून मदतनीस डोकावला. “कुत्र्याबरोबर कोण आहे? डॉक्टरांनी आत बोलावलंय.”

दोघंही उठली नाहीत.

“टाका ते पान.”

“नको.”

“टाका म्हणते ना! वाघ मी केव्हाच पर्समध्ये कोंबलाय.”