बसून घेतलेली झोप

(पेडणे तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र. दुपारची ओपीडी संपली आहे.)

शुभांगी : हे बघा काका, तुमची रात्रभराची रेघ. रक्तातला ऑक्सिजन कुठंच खाली गेलेला नाही. चांगलं आलंय की.

कृष्णनाथ : मी म्हटलं नव्हतं? त्या दिवशी जेवण जड झालं, डोळा लागला. बस रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकली, एवढंच. लिहून दे सिस्टर, सोमवारपासून शाळेची बस न्यायची आहे.

शेवंता : एवढाच? आत पोरां होती, भावजी!

कृष्णनाथ : ही माझी मेव्हणी. बोलावली नव्हती, आली.

शुभांगी : बसा मावशी. काका, बोटाचा चिमटा मध्ये काढला नव्हता ना?

कृष्णनाथ : नाही. पाणी प्यायला उठलो, तरी नाही काढला.

शुभांगी : झोपला कसे? उताणे, कुशीवर?

शेवंता : खंयचे उताणे! ताय गेल्यापासून हे खाटेर आंग टेकीत नाय. जनेलाकडे खुर्ची, तेच्यात बसान निजतत.

शुभांगी : काय ओ काका! बसून झोपलं की गळा मोकळा राहतो. चिमट्याला बोटातलं कळतं, तुम्ही खिडकीशी खुर्चीत होता का खाटेवर ते कुठलं कळायला? आडवं होऊन परत करायला लागंल.

कृष्णनाथ : आडवा नाही होत मी.

शुभांगी : का?

कृष्णनाथ : आडवा झालो की जरा वेळानं गळा दाटतो. धडपडून उठतो, घामानं चिंब. देवकी गेली, त्याचं दुःख आहे ते. त्याला औषध नसतं, सिस्टर.

शुभांगी : त्या असताना असं व्हायचं?

कृष्णनाथ : कधीच नाही.

शेवंता : कसा होतला? ताय बाजूक होती मां!

कृष्णनाथ : तू गप गो.

शेवंता : गप कित्याक? ती माका सांगी, ‘हे घोरता घोरता एकदम गप होतत. श्वासच नाय. मगे मी कोपरान ढोसतंय, कुशीर करतंय, तेव्हा परत सुरू.’ रोज रात्री, भावजी.

कृष्णनाथ : ढोसायची खरी. मी म्हणायचो, हिला झोपेतसुद्धा भांडायला लागतं.

शुभांगी : श्वास अडकत होता तुमचा. आता उठवायला कोण नाही. आडवं पडवत नाही, खुर्चीत झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा डोळा लागतो.

कृष्णनाथ : म्हणजे मी दचकून उठतो, ते तिच्यासाठी नव्हे?

शुभांगी : तसं कुठं म्हटलं मी? दुःख असंलच. श्वासाला मात्र उपाय आहे.

कृष्णनाथ : आणि रेघ वाईट आली तर?

शुभांगी : मोठ्या इस्पितळात पाठवू. ते बघतील, उपचार सुरू करतील. तोवर बस नाही.

कृष्णनाथ : हा कागद चांगला आलाय. हाच शाळेत दिला तर कोण विचारणार आहे?

शुभांगी : कोणी नाही.

शेवंता : भावजी...

कृष्णनाथ : सकाळी उठायला तेवढंच राहिलंय गो मला.

शेवंता : माका ठावक आसा.

कृष्णनाथ : आण सिस्टर तो चिमटा. आज खाटेवर पडतो. शेवंता, बदलीच्या ड्रायव्हरला, प्रमोदला सांग, सोमवारी बस तू ने. आणि चोपड्याच्या थांब्याला एक धाकटी पोर चढते, तिला गाडी लागते. तिला जनेलाकडे बसव म्हणावं.