आधी पुस्तक, मग पडदा!

...आणि वर मलाच विचारते, "काऊन वो अंजना, तू अजून सिनेमा नाई पाह्यला?" नाही पाहिला! कसा पाहणार? ज्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला, त्या कादंबरीची आमच्या वडशाच्या वाचनालयात प्रत एक, फक्त एक, आणि ती कुणाच्या घरी? हिच्याच! या शेजारच्या नीलाबाईच्या! दिवाळीपूर्वी नेलेली. धान कापून झालं, मळणी झाली, नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, तरी पुस्तकाचा पत्ता नाही. आणि तुम्हाला सांगते, माझा एक नियम आहे. लग्न झाल्यावर ह्यांनी पहिला सिनेमा दाखवायला नेलं, तेव्हासुद्धा टॉकीजच्या दारात उभं राहून मी विचारलं होतं, "याचं पुस्तक आहे का हो?" आधी पुस्तक, मग पडदा!

का म्हणून काय विचारता? अहो, वाचताना नायिकेचं नाक मी माझ्या मनाने घडवते, तिचं लुगडं मी निवडते, तिचा नवरा मी मला झेपेल इतपतच देखणा ठेवते. सिनेमा आधी पाहिला की ती नटी पानापानावर येऊन बसते, जागची हलत नाही! 'पाणवठ्याचा पहारेकरी' ही कादंबरी आपल्याच जंगलातली, वनरक्षकाची आणि त्याच्या बायकोची. बायको मोहफुलं वेचणारी. आणि पोस्टरवर बघावं तर ती बाई मोहाच्या झाडाखाली ओठ रंगवून उभी! अशा वेळी आधी वाचलेलं असणं हेच माणसाचं चिलखत की नाही?

तर सिनेमा लागला. शूटिंग इथल्याच जंगलात, मोहर्लीकडे झालेलं, त्यामुळे सगळा जिल्हा लोटला. आमचा प्रफुल्ल म्हणाला, "आई, चाल ना वो, तुह्या हट्टापायी आमीबी थांबून राह्यलो!" मी म्हटलं, जा, खुशाल जा, परंतु परत आल्यावर या घरात त्या सिनेमाबद्दल एक अक्षर निघता कामा नये. गेले. आले. आणि तुम्हाला सांगते, घरात अशी शांतता, की सुतक परवडलं! सूनबाई वरण वाढताना हुंदका देते, मी बघितलं की म्हणते, "कांदा, आई, कांदा." वरणात कुठला आलाय कांदा? पण मी विचारलं नाही. आधी पुस्तक, मग पडदा!

आणि तिसऱ्या दिवशी दारात कोण? नीलाबाई. पुस्तक पुढे करते आणि उंबरठ्यावरूनच... अजून चप्पलसुद्धा काढलेली नाही... म्हणते, "घे वो अंजना. मी त एक पान नाई वाचलं, सिनेमाच पाहून टाकला. तूबी काऊन डोळे फोडतं? शेवटी मरते तो वनरक्षक. बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. भल्ली रडली मी."

मरते! बायकोच्या मांडीवर! मी काय तिला विचारलं होतं? पुस्तक हातात घेतलं, तर त्याला तांदळाचा वास. म्हटलं हे काय? "अवं, तांदळाच्या पिंपाचं झाकण नीट बसत नाई ना, त्याच्यावर ठेवलं होतं. जाडजूड आहे, बरं पडते." ऐकलंत? लेखकाने सात वर्षं खपून लिहिलेला ग्रंथ, आणि तो उंदरांपासून तांदूळ राखत होता! त्या क्षणी, तुम्हाला खरं सांगते, माझ्या हातून त्या पुस्तकाचा आणखी एक उपयोग झाला असता. परंतु मी शाळेत असल्यापासून पुस्तक फेकून मारलेलं नाही.

दोन दुपारी बसून वाचलं. पानं झटकली की तांदळातले किडे पडत होते, तरी वाचलं. आणि शेवटच्या पानावर आले, तर काय? वनरक्षक मरतच नाही! त्याची बदली होते. तो पेटी उचलतो, निघतो, आणि बायको पाणवठ्यापाशी राहते. मागे वळून बघतसुद्धा नाही. संपलं! काय शेवट! म्हणजे सिनेमावाल्यांनी स्वतःच्या पदरचं मरण घातलं, आणि ही नीलाबाई त्या मरणावर रडून आली!

त्याच संध्याकाळी वाचनालयाचा अजय आला. "बाई, पुढल्या रविवारी त्या कादंबरीचे लेखक येऊन राह्यले. एका वाचकानं पुस्तकावर बोलायचं आहे." मी पदर सावरून बसले. बोलायचं म्हणजे मीच! इतकी वर्षं हा मान दुसऱ्या कुणाला गेलेला नाही. तर तो मान खाली घालून म्हणतो, "अध्यक्ष म्हणते, नीलाबाईले सांगा. तीन महिने पुस्तक त्याईच्याजवळ होतं, त्याईनं बारीक वाचलं असंन."

बारीक! तांदूळ होता तो बारीक!

मी म्हटलं, सांगा की तिलाच! माझ्या मनात एकदम गार, निवांत वाटू लागलं. आणि दुसऱ्या दिवशी नीलाबाई स्वतःहून आली, घाबरलेली. "अंजना, मले त सिनेमाच माहीत आहे वो. पुस्तकात काही अलग त नाई ना?"

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगितलं असतं? मग तुमच्या पुस्तकाने कुणी तांदूळ झाकला नसेल. मी तिला पाटावर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "नीला, अगदी जसं पाहिलंस तसंच सांग. मरण सविस्तर सांग. आणि रडू आलं तर आवरू नकोस."

रविवारी मी पहिल्या रांगेत. लेखक व्यासपीठावर. नीलाबाई उठली आणि सुरू झाली... आणि काय सांगू, आमची झाडीपट्टीची जनता! भाषण असो की श्राद्ध असो, तिला नाटकच लागतं. नीलाबाईने गोळी घातली, वनरक्षक पडला, बायकोने डोकं मांडीवर घेतलं, "सोडून नको जाऊ वो धनी!" म्हणून हिने असा टाहो फोडला, की मागून शिट्टी आली आणि कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि हिने त्याला पुन्हा मारला! बायका पदर तोंडाला लावून रडताहेत, लेखक चष्मा पुसताहेत. मी म्हटलं, पूस बाबा, आता बघ.

उभी राहिले. आवाज खणखणीत. "अध्यक्षमहाराज, या पुस्तकात हे मरण नाही! वक्त्यांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही! सुसंस्कृत माणसाचा नियम आहे... आधी पुस्तक, मग पडदा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नीलाबाई पांढरीफटक. अहाहा! तो एक क्षण, त्यावर मी उरलेला जन्म काढला असता!

आणि लेखक उठले. हसत हसत. म्हणाले, "बाईंनी जुनी आवृत्ती वाचलेली दिसते. सिनेमा शहरांत कधीचाच लागलाय; तो पाहून पुस्तक घेणाऱ्यांना माझा शेवट रुचेना, फसवणूक झाली म्हणून पत्रं आली. मलाही सिनेमातलंच मरण अधिक भावलं. तेव्हा शेवट बदलून नवी आवृत्ती काढली आहे, तिचंच आज इथे प्रकाशन. या नीलाबाईंनी ती आधीच कुठून मिळवली, याचं मला नवल वाटतं. असा जागरूक वाचक मी पाहिला नाही!"

टाळ्या! शाल! श्रीफळ! आणि मागून कुणीतरी, "बसा वो बाई, जुनं वाचून आल्या!" मी बसले. जिवंत माणसाने स्वतःच्या पुस्तकात स्वतःच्या हाताने दगाफटका करावा, याच्यावर कुठला नियम चालतो?

घरी आले, तर मागोमाग ही. खांद्यावर शाल. मला वाटलं, भांडायला आली, बरं झालं, भांडण तरी होईल! तर माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "तू बोलली म्हणून मी रडून सांगितलं वो. नाईतर माह्यी हिंमतच नसती झाली. अन् तू वाईट नको वाटून घेऊ, अंजना. तू वाचते चांगली... फक्त जरा लवकर वाचते."

मग काय! ठेवलं चहाचं आधण. तिला दोन चमचे साखर लागते.