पांढरी पाकिटं

—नाही ताई, आज नाही मिळायची तुमची पाकिटं. बाहेर बघा ना, सकाळपासून आभाळ नुसतं दाटून बसलंय, पडतही नाही आणि उघडतही नाही — अशा हवेत खळ वाळत नाही. वरून कोरडी दिसते, बोट लावलं की सुटते. तशीच दिली तर पत्रं आत चिकटून बसायची आणि शिव्या मला. बसा, घाई नसेल तर. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लंगडा आहे — माझ्यासारखाच.

ही बारकी? ही विकायची नाहीत. ही आमच्या हिची. औषधाची म्हणा — म्हणजे औषध नाही तसं — आता काय सांगू. हिचं पोट, ताई, कित्येक वर्षं साफ होत नाही. लोक हसतात ऐकून. काढे झाले, गोळ्या झाल्या, एनिमा झाला. ती आत बसायची आणि मी दाराबाहेर, ‘झालं का गं’ विचारायचीही चोरी. पोट फुगतं म्हणून हळूहळू जेवणच टाकलं तिनं. आता दोन घास, तेही माझ्याकडे बघून. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर शरीर फार तग धरणार नाही. धरतंय कुठं? बांगड्या काढून ठेवल्यात, हातात राहत नाहीत.

तर त्या मोठ्या दवाखान्यात एक प्रयोग चालला होता. आतड्यात म्हणे जंतूंची वस्ती असते, त्यातले चांगले कमी झाले की सगळं अडतं — मग तसले जिवंत जंतू पूड करून पाकिटात द्यायचे, पाण्यातून प्यायचे. ही म्हणाली, जन्मभर जंतूंच्या भीतीनं हात धुतले, आता त्यांनाच पोटात घ्यायचं होय? पण प्यायली. आणि लागू पडलं, ताई. सकाळी आपली आपण उठायची, बाहेर येऊन नुसती मान हलवायची — झालं. जेवायला लागली. भाजीत मीठ कमी म्हणून खेकसली माझ्यावर, तेव्हा इतकं बरं वाटलं मला.

मग प्रयोग संपला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, ही बाहेर बाकावर. म्हणाले, आजोबा, अर्ध्यांना खरी पूड होती, अर्ध्यांना नुसतं पीठ — कुणाला काय ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. आजींच्या वाट्याला पीठ आलं. हे सुरुवातीला सांगितलंही असेल त्यांनी. आम्ही दोघांनी ‘बरं वाटेल’ एवढंच ऐकलं. चांगला माणूस, चेहरा पडला होता त्यांचा. आता खरी देतो म्हणाले. दिली, निळ्या पाकिटातली. ती प्यायली आणि पोट पुन्हा दगड. म्हणते, ही नकोत, ती पांढरी आणा, ती चांगली होती. आणू कुठून? डॉक्टर म्हणाले, खरं सांगून टाका त्यांना. काय सांगू — तू पिठानं बरी झाली होतीस?

पाकिटं तर मी जन्मभर करतोय. तसाच कागद आणला, मक्याचं पीठ भरलं, कड तशीच दाबली. म्हटलं, एकदा झालं ते पुन्हा होईल. पहिलं पाकीट तिनं हातात धरलं, घडीवरून अंगठा फिरवला — तीही माझ्या शेजारी बसून आयुष्यभर खळ लावत आलीय, मी घडी घालायची, तिनं चिकटवायची — आणि मग फोडून प्यायली. रोज पिते. बरं वाटतंय म्हणते. ताट तसंच परत येतं.

छे, तिला कसं कळेल? हुबेहूब आहेत की — बघा, तुम्हीच बघा. म्हणजे — राहू द्या, ठेवा ते खाली. या आता तुम्ही, ऊन पडल्यावर या. मी का करत बसलोय विचारू नका, मला हात बंद ठेवता येत नाहीत. वरची शेजारीण दुपारी बसते हिच्यापाशी, ती आज सकाळी जिन्यात थांबली माझ्यासाठी. माझ्याकडे बघेना. म्हणाली, “काका, घडी तुमची आहे हे काकूंना पहिल्याच दिवशी कळलंय. आता ते पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही त्यांच्या, पण तुम्ही ग्लास घेऊन उभे राहता ना, तुम्हाला नाही म्हणवत नाही त्यांना.”