रक्तगटाची ओळ

— नाई नाई, भाऊ, हे असं नाई ठेवत आपण. खालून चवथी ओळ पाहा, रक्तगट ओ निगेटिव्ह — हे कोणं लिहून देल्लं तुमाले? पोरीनं सोताच? हाव, आजकालच्या शिकलेल्या पोरी, जे हाये ते लिहून टाकतात. पण लग्नाचा बायोडाटा म्हणजे काय कोर्टातला जबाब हाये का, सांगा बरं? बारा वर्षं झाले मले अंजनगावात हे दुकान टाकून — झेरॉक्स हाये, लॅमिनेशन हाये, पण नाव हाये ते बायोडाट्याचं. उत्तमरावच्या हातचा कागद गेला का पाहुणे आलेच, असं लोक म्हणतात, मी नाई म्हणत. वरतं गणपती, उजव्या कोपऱ्यात फोटो, मंग नाव, जन्मवेळ, उंची — उंचीत एक इंच मी माह्या मनानं वाढवतो, चप्पल घालूनच तर येते ना पोरगी पाहुण्यासमोर? नाई येत? बरं, नाई येत, पण एक इंच कोण मोजाले बसते. रंग निमगोरा, सावळा हा शब्द माह्या कंप्युटरात नाईच. अपेक्षा अनुरूप. अन् रक्तगट पॉझिटिव्ह. झालं. दहा मिनिटांत तुमी मोकळे, मी मोकळा.

काहून म्हणजे? अहो, पोराकडचे लोक काय पाहातात, तुमाले काय वाटते, पोरीचे मार्क? पहिले मामेकूळ, अन् मंग बोट सरळ खाली रक्तगटावर. आधी नव्हतं असं. आता घरोघरी कोणी ना कोणी नर्सबाई हाये, नाई तर मोबाइल हाये, अन् त्याइले एवढंच माहीत हाये का निगेटिव्ह म्हटलं का बाळंतपणात भानगड. भानगड काय हाये, तिच्यावर औषध काय हाये, एवढं खाली कोणी वाचत नाई. माह्याच पोरीचं सांगतो ना. करिश्मा, एकुलती एक, बी.कॉम. झाली — कॉलेजात रक्तगट तपासाचं शिबिर होतं, कार्ड घेऊन आली, बी निगेटिव्ह. मी तवा भोळा माणूस, जसंच्या तसं छापलं. बडनेऱ्याचं स्थळ आलं, पोरगा रेल्वेत, पोरगी पसंत, सुपारी तेवढी फोडाची राहिली — अन् मुलाची मावशी म्हणते, निगेटिव्ह हाये वो, पुढं त्रास होते म्हणतात. उठले अन् गेले. दुसरं स्थळ, तेच. दोन येळा साडी नेसली पोरीनं अन् दोन येळा घडी करून पेटीत ठेवली. मंग तिसऱ्या येळी मी या खुर्चीवर बसलो अन् ते निगेटिव्ह खोडून पॉझिटिव्ह टाइप केलं. पंधरा दिवसांत अकोल्याचं जमलं! पाप केलं का? मी काय तिचं वय चोरलं, का कूळ चोरलं?

वाजू द्या, वाजू द्या, माहाच फोन हाये. नंतर करतो त्याइले.

तर अकोल्याचं म्हणत होतो. जवाई सागर, दालमिलात सुपरवायझर, शांत पोरगा. विहीण शकुनबाई, पंचायत समितीत होत्या, तोंडानं फटकळ, पण घर चांगलं, खाऊन-पिऊन सुखी. दोन वर्षं झाले, कोणी विचारलं का रक्तगट? कोणीच नाई. पुढं दिवस राहिले का डॉक्टरीणबाई तपासतेच, तिथं जे निघाचं ते निघते, एक सुई असते ती गुपचूप घेऊन घ्यायची, डॉक्टरीण काय बायोडाटा मागते का? हेच सांगतो मी सगळ्याइले. मागत नाई. म्हणजे — तशी मागत नाई. कोणी आणून दाखवला तर पाहाते.

विहीणबाईनं दाखवला. जाऊ द्या ते. तुमी तुमच्या पोरीचा फोटो आणला का, का मोबाइलवर पाठवता?

कोण, करिश्मा? नाई, बिमार नाई ती. बिमारच म्हणा तिले. आता विचारलंच तुमी तर सांगतो, परक्या माणसाले सांगाले काय जाते. करिश्माले दिवस होते, चवथा महिना लागला होता. रविवारी संध्याकाळी घरातच पोट खाली झालं तिचं. दवाखान्यात नेलं, पण लेकरू गेलं होतं. चवथ्या महिन्यातली पोटुशी बाई अन् रक्त एक डाव तपासलेलं नाई, असं कसं म्हणता? तपासू देईन ती तवा ना! आज जाऊ, उद्या जाऊ, घरी पाहुणे हायेत, मले मळमळते — असं करून करून तिनंच तीन महिने काढले. काहून का, दवाखान्यात सासू संगं, कागद सासूच्या पिशवीत, अन् त्या कागदावर काय निघते ते तिले माहीत होतं. मलेबी माहीत होतं. मी म्हणे, पाचव्यात माहेरी आणतो तुले, अथी अमरावतीले नेऊन सारं करतो, तवरोक दम धर. धरला तिनं दम. बापाचं ऐकणारी पोरगी हाये.

अन् त्या संध्याकाळी, गल्लीतला लहान दवाखाना, पोरगी अर्धी शुद्धीत, डॉक्टर विचारते रक्तगट काय हाये, तर विहीणबाईनं मोबाइल काढला अन् दोन वर्षांपूर्वीचा बायोडाटा उघडून त्याच्या नाकासमोर धरला — हे पाहा, बी पॉझिटिव्ह, छापील हाये! जपून ठेवला होता त्यांनी. पोरगी आवडली होती ना त्याइले. डॉक्टरनं ते पाहून तसंच उतरवलं.

सोमवारी सकाळी करिश्माचा फोन, आवाज एवढासा. बाबा, मी काय सांगू? मी म्हटलं, काय सांगाचं हाये, जे लिहिलं हाये ते लिहिलं हाये, तू तोंड उघडू नको, माह्या गळ्याची आन हाये तुले. हाव, घातली आन. पोट खाली झाल्यावरबी सुई लागते हे तवा मले माहीत नव्हतं — नाई, खोटं कायले बोलू, पक्कं माहीत नव्हतं. मंग मी बाजूच्या वकारभाईले विचारलं, त्याचं मेडिकल हाये ना, दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन विचारलं. तो म्हणते, उत्तमभाऊ, माय निगेटिव्ह अन् बाप पॉझिटिव्ह असला तर लेकराचं रक्त बापावर जाऊ शकते. ते लेकराचं रक्त मायच्या रक्तात मिसळलं — बाळंतपणात मिसळते, पोट खाली झालं तरी मिसळते — का मायचं आंग त्याले दुश्मन समजते अन् त्याच्याशी लढाचं शिकून ठेवते. पहिल्या लेकराले काही होत नाई सहसा, पुढच्याचे हाल. आंगानं ते शिकाच्या आत एक सुई द्या लागते. बहात्तर घंट्यांत. मी म्हटलं, अन् नाई देल्ली तर? तर तो म्हणते, एकदा शिकलं का विसरत नाई भाऊ, मंग सुईचा उपयोग नाई.

आज बुधवार. रविवारचे संध्याकाळचे सात. कितीबी येळा मोजा, आज सातच येतात. अन् आता तीन वाजले.

सांगून टाका म्हणता. किती सोपं हाये ना तुमाले, त्या खुर्चीवर बसून! सांगतो मी, एका मिनिटात सांगतो — मंग विहीणबाई म्हणतीन फसवलं. अन् फसवलंच हाये, त्याइचं काय चुकलं? लेकरू गेलं ते याच्यानं नाई गेलं, वकारभाई म्हणते त्याचा संबंध नाई, पण ते कोण ऐकते? म्हणतीन खोटी पोरगी देल्ली, आमचा नातू खाल्ला. गाठोडं बांधून पोरगी दारात आणून टाकतीन. नाई टाकलं तरी जन्मभर तिले त्या घरात मान खाली घालून भाकर खा लागीन. अन् नाई सांगितलं तर तिच्या कुशीले पुढचं लेकरू — आता तुमीच सांगा, या दोन्हीतलं कोणतं बटन दाबू मी? अन् तिच्यापुरतं असतं तरी एक येळ. बोभाटा झाला का बाकीचे लोक काढतीन ना आपापले बायोडाटे कपाटातून.

बाकीचे म्हणजे… बाकीचे. तुमाले काय वाटलं, तुमची पोरगी पहिली हाये? सतरा. करिश्मा धरून सतरा पोरी. याच फोल्डरमध्ये हायेत, नाव टाकून. मी काय कोणाच्या घरी गेलो होतो का — मायबापच यायचे, याच खुर्चीवर बसायचे, म्हणायचे, उत्तमराव, पाहा काही करता येते का. लग्न झाले सगळ्याइचे! सगळ्याइचे झाले. फक्त ती अचलपूरची चंदा… जाऊ द्या. मागच्या साली तिचा बाप आला होता, लेकराचा फोटो लॅमिनेट कराले. दोन दिवसांचं लेकरू, पिवळं पडून गेलं म्हणे, पहिलं चांगलं हाये अन् हे दुसरं गेलं. एकच फोटो होता त्याचा, मोबाइलवर काढलेला. मी प्रिंट काढली, लॅमिनेट केली, कोपरे गोल कापून देल्ले, अन् म्हटलं, देवाची मर्जी. त्यानं माहे पाय धरले का भाऊ, फोटो चांगला काढून देल्ला म्हणून. अन् मले आतून कळलं होतं. वकारभाईच्या आधीच कळलं होतं. मी फक्त कोणाले विचारलं नाई, का विचारलं तर पक्कं होते.

पुन्हा वाजला. विहीणबाईचाच हाये. तुमी उचलता का? तुमी परके, तुमाले काय, एवढंच म्हणा का पोरीचा रक्तगट निगेटिव्ह हाये अन् ठेवून द्या… नाई? बरं. बरं, नका उचलू. मीच —

हालो. हाव विहीणबाई, बोला. दुकानात हावो, गिऱ्हाईक हाये समोर… कुठं आणलं? मोठ्या दवाखान्यात… काहून, ताप हाये का? अशीच दाखवाले… बरं. डॉक्टरीणबाई म्हणते त्याइच्याच दवाखान्यातला रक्ताचा रिपोर्ट पाह्यजे. हाव, बरोबर हाये तिचं… मंग? रक्त काढू देत नाई? कोण, करिश्मा? बाथरूमचा दरवाजा लावून बसली… सुईले भेते म्हणते.

भाऊ, फोनवर हात ठेवला मी — ती सुईले नाई भेत. कॉलेजात त्या शिबिरात पहिल्या नंबरवर उभी होती, मैत्रिणींचे हात धरून त्याइले आत नेत होती. आन देल्ली ना मी तिले.

हाव, हाव विहीणबाई, अथीच हावो. मी समजावतो. फोन आत द्या तिच्यापाशी, दाराच्या फटीतून द्या, अन् तुमी जरा बाजूले व्हा… करिश्मा? बेटा. मी बोलतो. आयक, दार उघड अन् काढू दे रक्त… हाव. हाव, काढू दे म्हणतो. आन सुटली, मी सोडली, माह्या गळ्याले काही होत नाई… तू काहीच नको सांगू, कागदच सांगते. मी येतो ना. आता निघतो, अकोटवरून गाडी सापडते, येऊन मी सांगतो त्याइले का हे मी केलं, तुले माहीतबी नव्हतं… नाई, तसंच सांगीन. अन् डॉक्टरीणले म्हण आज सातच्या आत सुई द्या लागते, आजच, उद्यावर टाकू नका… काय? …नाई. नाई बेटा. मले कोण काय करते. तू रडू नको, उठ. हात पुढं कर.

ठेवला तिनं.

विचारून रायली होती, बाबा, मंग तुमचं काय होईन म्हणे. तीन दिवस झाले भाऊ. तीन दिवसांत मी बायोडाटा काय म्हणते ते विचारलं, सासू काय म्हणते ते विचारलं, एकदाबी नाई विचारलं का बेटा, तुले दुखते का.

उठा आता. दुकान बंद हाये. उठा ना, म्हणतो.